न मिळाल्याची पेटी

४ मे

आत्या,

वाकून नमस्कार नंतर करते, आधी काम सांगते. तू चौतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं लावलीस, आता मला माझी पानं लावून दे.

मी काय करते असं तू दरवेळी विचारतेस आणि मी दरवेळी 'गणित' म्हणून विषय संपवते. आज नीट सांगते. जमीन फरशांनी झाकायची, मधे फट नको, एकावर एक चढायला नको. चौकोनी फरशी असेल तर कोणीही करेल. सात बाजूंची, एका अंगाने आत दबलेली फरशी असेल तर? कोणत्या आकाराने जमीन झाकली जाते, कोणत्याने नाही, हे आमचं शास्त्र. जगभरात यात खरं डोकं घालणारी माणसं दोनशेच्या वर नसतील आणि त्यांचं काम दोनशे ठिकाणी पसरलंय. ते सगळं एका साइटवर आणायचं मी ठरवलं. एका आकाराला एक पान, ते कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं. लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तपासलं की पानाला हिरवी खूण मिळते.

पानं झालीत दोनशे चाळीस आणि घोळ झालाय त्याहून मोठा. एकाच फरशीला कोणी 'बूट' म्हणतं, कोणी 'मोजा', कोणी नुसता आकडा लावतं. एका आकाराची चार पानं आहेत आणि चौघेही भांडतात. सप्टेंबरात आमच्या संस्थेची समिती बसणार आहे. निदान निम्मी पानं हिरवी असली तर साइटला कायमची जागा आणि मला कायमची नोकरी. नाहीतर डिसेंबरात माझा करार संपतो आणि साइटही बंद होते.

घाबरून लिहीत नाहीये. दीडशे पानं हिरवी आहेतच. फक्त घर आवरून हवंय.

उत्तर कागदावरच पाठव. स्क्रीनवर वाचलेलं तुझ्या लक्षात राहत नाही हे मला पाठ आहे.

तुझी भाची

१३ मे

ठमे,

अनेक आशीर्वाद, आणि ते तुला लागणार आहेत.

दोनशे चाळीस पानं झाल्यावर तुला मांडणी सुचली होय. बरं. चार पानं पुसून एक करायच्या भानगडीत पडू नकोस, चौघेही रुसून जातील. एक पान खरं ठरव आणि बाकी तीन नावांपुढे एवढंच लिही: 'बूट पाहा'. ज्याला मोजा म्हणायचंय तो मोजाच म्हणेल, पण पोचेल बुटापाशी. आमच्याकडे अशी नऊ हजार कार्डं होती. त्यांच्यामुळे किती भांडणं टळली याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आमच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. जे पुस्तक शोधलं आणि मिळालं नाही, त्याची चिठ्ठी लिहून वाचकाने तिच्यात टाकायची. तिला आम्ही न मिळाल्याची पेटी म्हणायचो. दर सोमवारी मी ती उघडायचे. काय आहे ते आपल्याला ठाऊकच असतं गं, त्याचा गर्व नको. काय नाही ते वाचक सांगतो. ग्रंथालय कसं लावायचं ते मला त्या पेटीने शिकवलं.

तुझ्या साइटवर तशी पेटी ठेव. आणि स्वतः उघड, मदतनिसावर सोपवू नकोस.

एखादं पान छापून पाठव. चित्र मोठं असू दे. मला बघायचंय की माझ्या भावाची मुलगी दिवसभर कसल्या फरशा बसवते.

आत्या

१० जून

आत्या,

तुझ्या पायाचं तीर्थ घ्यायला पाहिजे. 'पाहा'ची युक्ती चालली. चौघांतले तिघे आता मिळून लिहितात, चौथा अजून रुसलाय पण रोज येऊन वाचतो, मला दिसतं.

पेटी पहिल्या आठवड्यातच भरली. एकशे सतरा चिठ्ठ्या आल्या. आपण ज्याला फार सोपं समजून सोडून दिलं होतं नेमकं तेच लोक शोधतात. 'आत दबलेला कोपरा म्हणजे काय' हे बावीस जणांनी विचारलंय, आणि त्यांतले दोघे प्राध्यापक आहेत. मी लगेच पान लिहून टाकलं.

एक गंमत सांगते. एक चिठ्ठी रोज येते. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, नाव नाही, दोनच शब्द: 'चौथा प्रकार'. आहे कोणीतरी चिवट. दुर्लक्ष केलं की थांबेल.

सोबत बुटाचं पान छापून पाठवतेय. त्याखाली आमचं कोपऱ्याचं प्रमेय आहे, ते तेवढं वाच. बुटाच्या घराण्यातल्या फरशा एका कोपऱ्याभोवती चारच प्रकारे जुळतात, आणि एकदा कोपरा जुळला की पुढे कितीही फरशा लावत जा, कुठे अडत नाही, असं ते सांगतं. साइटवरची एकसष्ट पानं याच्यावर उभी आहेत. घराचा पायाच म्हण.

भाची

२३ जून

ठमे,

पान मिळालं. चित्र सुरेख आहे. मजकूर डोक्यावरून गेला म्हणून मी हाताने समजून घ्यायचं ठरवलं. जुनी कार्डं ग्रंथालय फेकून देत होतं तेव्हा मी दोन खोकी घरी आणली होती, तुझे काका अजून त्यावरून बोलतात. जाड, सरळ कापली जाणारी कार्डं. त्यांचे एकशे वीस बूट कापले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. गेले चार दिवस आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतोय.

पहिला प्रकार छान जमला. टेबल संपलं, फरशा संपेनात. दुसराही जमला. तिसराही. चौथ्यात एक बूट पालथा टाकायचा असतो, तो टाकला. पहिला वेढा बसला, दुसरा बसला, तिसऱ्या वेढ्यात खिडकीकडच्या बाजूला एक भोक राहिलं. त्यात सुलटाही बूट जात नाही, पालथाही जात नाही. मला वाटलं माझी कात्री वाकडी गेली. नवे कापले. तिथेच अडलं. तुझ्या काकांनी चष्मा लावून प्रयत्न केला, तेही तिथेच अडले आणि चिडून फिरायला निघून गेले.

मग मजकूर पुन्हा वाचला. पहिल्या दोन प्रकारांची सिद्धता दोन पानं भरून आहे. पुढे एक ओळ: 'उरलेले दोन प्रकार वरच्याप्रमाणेच.' कोणी लिहिलंय हे? आमच्याकडे एखाद्या कारकुनाने 'उरलेली कपाटं वरच्याप्रमाणेच' असं लिहून दिलं असतं तर मी त्याला त्या कपाटांसमोर उभं केलं असतं.

तुझा तो एक वाजून दहावाला चिवट नाहीये. त्याला काहीतरी दिसलंय.

आत्या

२८ जून

आत्या,

घाईत लिहितेय. पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी गणित सिद्ध होत नाही आणि खोटंही ठरत नाही. ते प्रमेय सहा वर्षांपूर्वी छापून आलंय, त्याला धक्का लागलेला नाही. सध्या समितीची तयारी आहे, मान वर करायला सवड नाही. टेबल मोकळं कर आणि नीट बसून जेवा दोघं.

भाची

३० जुलै

ठमे,

महिना झाला, पत्र नाही. टेबल मोकळं केलेलं नाही.

तुझं पान मी भिंग घेऊन पुन्हा वाचलं. अगदी तळाला बारीक अक्षरात प्रमेय कोणाचं ते दिलंय. आडनाव आपल्याच घरातलं निघालं. मी कारकुनाला जे बोलले ते परत घेत नाही. पण त्या कारकुनाची मला माया आहे, म्हणून आता माझं एक सांगते. तुझ्या काकांनाही हे ठाऊक नाही.

आमच्याकडे एक घड्याळजी यायचे. बाजारात टपरीएवढं दुकान, उजव्या डोळ्याला कायम भिंग अडकवल्याची खूण. त्यांना सावलीच्या घड्याळांवरचं एक पुस्तक हवं होतं. कार्ड होतं, पुस्तक जागेवर नव्हतं. ते दर महिन्याच्या एक तारखेला पेटीत चिठ्ठी टाकायचे. मी दर वेळी लिहायचे, 'उपलब्ध नाही'. अशी नऊ वर्षं गेली.

नवव्या वर्षी कोणीतरी गोगलगायींवर पुस्तक मागितलं. त्या कपाटाकडे वर्षातून एकदा कोणी फिरकलं तर नशीब. हात घातला तर घड्याळांचं पुस्तक गोगलगायी आणि गांडुळांच्या मधे उभं. पाठीवरचा क्रमांक पाचशे एकोणतीसऐवजी पाचशे ब्याण्णव टाकला होता. अक्षर माझंच. आणखी ऐक. दरवर्षीच्या मोजणीत आम्ही दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा वहीत पडलेला आकडा, तेवढा बघायचो, कपाट कोणतं ते नाही. म्हणजे नऊ वर्षं मी वहीत त्या पुस्तकापुढे 'आहे' अशी खूण करत होते, आणि घड्याळजींना 'नाही' असं लिहून देत होते. दोन्ही माझ्याच हातचं.

त्या वर्षी मला मुख्य ग्रंथपाल करायचं घाटत होतं. मी चिकटपट्टी ओली करून क्रमांक सोलला, नवा लावला, पुस्तक जागेवर ठेवलं. जुन्या चिठ्ठ्या टोपलीत टाकल्या. वाटलं, एक तारखेला ते आले की 'नवीन आलंय' म्हणून देऊ. ते आले नाहीत. दुकान दुसरीकडे हलवलं असं कळलं. मला ती जागा मिळाली. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पुढे अकरा वर्षं, दर सोमवारी पेटी उघडली की मी आधी त्यांचं अक्षर शोधायचे.

तुला काय करायचं ते मी सांगणार नाही. तुझं गणित मला कळत नाही. ते भोक मात्र कळतं.

आत्या

१२ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. आता सगळं सांगते, मधे थांबत नाही.

पुठ्ठ्याने काही सिद्ध होत नाही हे मी तुला ज्या दिवशी लिहिलं, त्याच दिवशी मी दार लावून पुठ्ठा कापत होते. तिसरा वेढा, खिडकीकडची बाजू. दुसऱ्या प्रकाराचं आरशातलं चित्र म्हणजे चौथा, असं मी सहा वर्षं धरून चालले होते. पण आरशात सगळेच बूट पालथे व्हायला हवेत, इथे एकच होतो. इतकी साधी गोष्ट. पहिल्या वर्षाच्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला हसले असते.

चिठ्ठी कोण टाकतं हेही मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फूटपट्टी. वसतिगृहातली माझी खोलीसोबतीण, तुझ्याकडे सुटीत येऊन तुझी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून गेली होती ती, आणि तू तिला रागावली होतीस. एक वाजून दहा ही तिची जेवणाची वेळ. प्रमेय आम्ही दोघींनी मिळून केलं होतं. शेवटी ती म्हणाली, चौथा प्रकार पूर्ण लिहू. मी म्हटलं, वरच्याप्रमाणेच आहे, ताणू नकोस. ती आईच्या आजारपणासाठी घरी गेली आणि मी तिला न विचारता लेख धाडून दिला. परत आल्यावर तिने एवढंच सांगितलं, माझं नाव काढ. मी काढलं. सहा वर्षं आम्ही बोललो नाही. लेखाचं कौतुक झालं, तेव्हा मी ते एकटीने घेतलं.

हिरवी खूण मीच दिली होती. नियम माझाच, की दुसऱ्या कोणीतरी तपासायला हवं. पण छापून आलंय म्हणजे तपासलंच असेल, अशी पळवाट मीच ठेवली होती. तुझी मोजणीची वही आणि माझी हिरवी खूण एकाच घरातल्या.

काल सकाळी साडेदहाला, सगळे कामावर आलेले असताना, मी प्रमेयाची हिरवी खूण काढून पिवळी, म्हणजे 'भरवसा नाही' अशी, केली. खाली लिहिलं, 'चौथ्या प्रकारात चूक आहे. चूक माझी आहे.' नाव आणि तुझ्या टेबलाच्या मांडणीचं चित्र घातलं. त्या प्रमेयावर उभी असलेली एकसष्ट पानं आपोआप पिवळी झाली. दीडशेतून एकसष्ट गेले, उरले एकोणनव्वद. निम्मे म्हणजे एकशेवीस. समितीला चार आठवडे राहिलेत. माझ्या हाताखालचा संगणकवाला उठून चहा घेऊन आला.

मला भीती वाटतेय, पण काल मी पोटभर जेवले, महिन्यात पहिल्यांदा.

भाची

२० सप्टेंबर

आत्या,

तुझं कार्ड पोचलं. चौतीस वर्षांत तू कोणाला 'शाब्बास' असं लिहून दिल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी ते जपून ठेवलंय.

समिती झाली. लांब टेबल, पाण्याच्या सात बाटल्या, सात माणसं. अध्यक्षबाईंनी विचारलं, 'जूनमध्ये दीडशे होती, आता एकोणनव्वद. तुम्ही कामं करता की उलटी चालता?' मी पडद्यावर पिवळी पानं दाखवली. म्हटलं, यातली एकसष्ट पानं माझ्यामुळे चुकीची हिरवी होती. चूक सापडल्यावर ती सगळी पिवळी व्हायला चार सेकंद लागले, कारण कोणतं पान कशावर उभं आहे हे आम्ही प्रत्येक पानावर लिहून ठेवलंय. छापलेल्या पुस्तकांत हे व्हायला वीस वर्षं लागतात, आणि तोवर लोक त्यांच्यावर आणखी मजले चढवतात.

एकजण म्हणाले, ही चूक तुम्ही लपवू शकला असतात. मी म्हटलं, दीड महिना लपवली होती.

त्यावर बाई पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलल्या. म्हणाल्या, नियम नियम आहे, निम्म्याखाली आम्ही हो म्हणू शकत नाही. पण नाहीही म्हणत नाही. करार मार्चपर्यंत वाढवतो, मार्चमध्ये एकशेवीस दाखवा. मी दाखवणार आहे. कसे ते अजून माहीत नाही, पण दाखवणार आहे.

एक वाजून दहाची चिठ्ठी मात्र थांबली. मी पिवळी खूण केली त्या दिवसापासून आली नाही. दुपारी एक वाजला की मी उगाच पेटी उघडून बघते.

भाची

८ ऑक्टोबर

ठमे,

मी घड्याळजींना शोधून काढलं. भाची चार सेकंदांत एकसष्ट पानं पिवळी करते आणि आत्या वीस वर्षं एका पुस्तकावर मूग गिळून बसते, हे मला सहन होईना.

तीन घड्याळवाल्यांना विचारलं. तिसऱ्याने पत्ता दिला. आता ते मुलीकडे राहतात, दुसऱ्या मजल्यावर, हात कापतात म्हणून काम बंद. मी ग्रंथालयातून ते पुस्तक माझ्या नावावर काढून घेऊन गेले होते. पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. क्रमांक, गोगलगायी, चिकटपट्टी, टोपली. मधे रडू आलं, डोळे पुसले आणि पुढे सांगितलं.

त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. उठले आणि कपाटातून तेच पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, 'मला दुसऱ्याच वर्षी टपालाने मिळालं होतं.'

मी म्हटलं, मग आणखी सात वर्षं चिठ्ठ्या कशाला टाकत होतात?

तर म्हणाले, 'बाई, तुमच्या कार्डावर पुस्तक होतं. म्हणजे ते त्या इमारतीत कुठेतरी होतंच. मला पुस्तक नको होतं. तुम्ही शोधायला उठता का ते बघायचं होतं.'

मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं की त्यांच्या मुलीने पाणी आणून दिलं. निघताना ते म्हणाले, उठायला वेळ लागला, पण उठलात.

आता नीट ऐक. तुझ्या फूटपट्टीकडे उत्तर आहे. पहिल्या दिवसापासून असणार. ती उत्तर मागत नव्हती गं. आणि तू साइटवर सगळ्या जगाची माफी मागितलीस, तिची मागितलीस का? मला पत्रं लिहिण्यात तुझा हात छान बसलाय. आता एक तिला लिही.

पुस्तकं उंचीप्रमाणे लावल्याबद्दल मी रागावले होते ते मागे घेते, असंही कळव.

आत्या

१७ नोव्हेंबर

आत्या,

लिहिलं. सात वेळा फाडलं, आठव्यांदा पाठवलं. दीड पान. त्यात गणिताचा एक शब्द नव्हता. तिच्या आईबद्दल विचारलं, जे मी सहा वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. आई बऱ्या आहेत.

उत्तर खोक्यातून आलं. आत पुठ्ठ्यावर चिकटवलेले बूट, चौथा प्रकार, तीन वेढे, आणि त्याच जागी भोक. कडा पिवळ्या पडल्यात, डिंक तडकलाय. मागे तारीख आहे, मी लेख धाडला त्याच्या दुसऱ्या आठवड्याची. सोबत चिठ्ठी: 'हे घेऊन आपल्या खोलीवर आले होते. तू पार्टीला गेली होतीस. नंतर मलाही हट्ट चढला.'

आत्या, तो पुठ्ठा मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले होते ते विचारू नकोस.

खोक्याच्या तळाशी चौदा कागद होते. आत दबलेल्या दोन बाजू सारख्या लांबीच्या असतील तर चौथा प्रकारही कुठे अडत नाही, हे तिने पूर्ण सिद्ध केलंय, एकही ओळ 'वरच्याप्रमाणेच' नाही. मी अकरा दिवस तपासलं, मग बूट-मोज्यावरून रुसलेल्या त्या चौथ्या माणसाला तपासायला दिलं. तो आता रुसलेला नाही. एकसष्टातली ही अट पाळणारी अडतीस पानं काल हिरवी झाली. एकोणनव्वद आणि अडतीस, एकशे सत्तावीस. मार्चची वाट बघायची गरज नाही, अध्यक्षबाईंना मी आजच कळवलं. नव्या प्रमेयावर तिचं नाव आहे. माझं तिने आग्रहाने खाली घालायला लावलं, 'चूक शोधणाऱ्यांत' म्हणून, आणि त्याच ओळीत तुझंही. तू आता गणितात आहेस, काकांना सांग. टेबल मोकळं करायला हरकत नाही.

रविवारी फूटपट्टी येतेय. तुझ्याकडे घेऊन येऊ का? पुस्तकांना हात लावणार नाही असं तिने कबूल केलंय.

आणि आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पेटीत चिठ्ठी आली. दोनच शब्द: 'पाचवा प्रकार?'

पाचवा प्रकार नाहीच आहे. मला शंभर टक्के खात्री आहे. कात्री घेऊन बसलेय.

तुझी भाची